कांगारूचा किस्सा
ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी 'हा प्राणी कोणता?' विचारलं, तिथले लोक म्हणाले 'कांगारू', म्हणजे 'मला माहीत नाही', आणि तेच नाव पडलं, असं सांगतात ना, ती थाप आहे हो, छान रंगवलेली. १७७० ला इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं जहाज प्रवाळावर आदळलं, दुरुस्तीला हे लोक ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, आताच्या कुकटाउनला थांबले आणि तिथल्या गुगू यिमिथिर लोकांकडून त्यांना 'गंगुरु' शब्द मिळाला, तोही एकाच जातीच्या कांगारूचा, सरसकट सगळ्यांचा नाही. खरी गंमत पुढेच. १७८८ ला इंग्रज सिडनीला वसाहत करायला आले ते हाच शब्द तिथल्या लोकांसमोर वापरायला लागले, पण त्यांची भाषाच वेगळी (एकच 'नेटिव्ह' भाषा असणार हा नेहमीचा साहेबी समज), त्यांना वाटलं हा गोऱ्यांचाच शब्द! वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, जहाजातून आणलेल्या गायी दाखवल्या तर कोलबी नावाच्या माणसाने विचारलं, हे कांगारू का?