प्लेटिंगच्या सांडपाण्यातले निकेल : बेंटोनाइट वापरावे का?

मृद्गंध :
निकेल प्लेटिंग करणाऱ्या लहान कारखान्यांनी चुन्याच्या प्रक्रियेनंतर बेंटोनाइटचा, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या एका चिकणमातीचा, टप्पा जोडावा, असे माझे मत आहे. चुन्याने निकेल नीट खाली बसण्यासाठी पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास न्यावा लागतो. पाणी सोडताना मात्र तो ९ च्या आत आणावा लागतो आणि तेव्हा न बसलेले बारीक कण पुन्हा विरघळू लागतात. या उरलेल्या निकेलसाठीच मातीची गरज आहे. आपली काळी माती ज्या माँटमोरिलोनाइटमुळे उन्हाळ्यात भेगाळते, तेच कच्छच्या बेंटोनाइटमधले मुख्य खनिज आहे. त्याच्या थरांवर ऋण भार असतो, त्यामुळे थरांमधले सोडियम सुटून तिथे निकेल बसते. १०० ग्रॅम मातीची विनिमय क्षमता, म्हणजे अशी अदलाबदल करण्याची ताकद, १०० मिलिइक्विव्हॅलंट (भाराच्या हिशेबाने मोजायचे एकक) धरली, तर किलोभर मातीत सुमारे २९ ग्रॅम निकेल मावते.

हौदावरचा :
हिशेब बरोबर आहे, पण तो नुसत्या निकेलच्या द्रावणाचा आहे. आमच्याकडे बोअरवेलचे जड, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेले, पाणी वापरतात, त्यात चुन्याची भर पडते, आणि मातीतल्या बहुतेक जागा कॅल्शियमच अडवून बसते. शिवाय आम्ही कोरडे बेंटोनाइट थेट टाकीत ओतून पाहिले, तेव्हा त्याचे लिंबाएवढे गोळे झाले. एक फोडला, तर बाहेरून शेवाळासारखा बुळबुळीत आणि आत कोरडी पूड! गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचे कापड धुण्यात अख्खी पाळी गेली.

मृद्गंध :
गोळे होणे हा मातीचा नव्हे, ओतण्याचा दोष आहे. ती वेगळ्या पिंपात ढवळत, थोडी थोडी भिजवून घ्यावी लागते. कॅल्शियमचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, म्हणून २९ ग्रॅम ही कमाल मर्यादाच समजावी.

निवळी :
क्रोम प्लेटिंगचे पाणी याच हौदात येत असेल, तर वेगळीच अडचण आहे. षट्संयुजी क्रोमियम (त्याचे जास्त विषारी रूप) पाण्यात क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋण भार घेऊन असते. ऋणभारित माती त्याला जवळजवळ धरतच नाही. आधी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे चुन्याने खाली बसणारे त्रिसंयुजी रूप करावेच लागते. निकेल ईडीटीएने (धातूला घट्ट धरून ठेवणाऱ्या रसायनाने) बांधलेले असले, तरीही मातीचा फारसा उपयोग होत नाही.

हौदावरचा :
आणि गाळाचे काय? धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून मातीत जातो. तो गाळ घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवावा लागतो, आणि मातीमुळे वजन वाढते ते वेगळेच.

मृद्गंध :
तो विटांमध्ये भाजता येईल, असे मी सुचवणार होतो.

निवळी :
क्रोमियम असलेला गाळ चुन्यासह हवेत भाजला, तर तेच क्रोमियम पुन्हा षट्संयुजी होऊ शकते. कृपया हा सल्ला कोणाला देऊ नका.

मृद्गंध :
विटांची सूचना मागे घेतो. निकेलपुरते माझे मत कायम आहे, पण पोती मागवण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या हौदातले चुना-प्रक्रिया झालेले एक-एक लिटर पाणी १, २ आणि ५ ग्रॅम मातीसह तासभर ढवळून, गाळून तपासून घ्यावे. नुसत्या चुन्यानेच निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरेच खाली राहत असेल, तर मातीची गरज नाही.