ट्रकचे टायर: बर्फ, ट्रेलर आणि कच्चा रस्ता, एकाच सेटमध्ये जमेल का?

प्रेषक: एअरड्रीकर

नमस्कार मंडळी,

कॅल्गरीकडचा हा सहावा हिवाळा पण ट्रक घेतल्यावरचा पहिलाच, म्हणून विचारतोय. उन्हाळ्यात वापरलेला 2019 चा हाफ-टन पिकअप घेतला, फोर बाय फोर आहे, टायरचा साइज 265/70 आर 17. आहेत ते टायर गोटा झालेत, नक्षी जेमतेम 3 मिलिमीटर उरलीय. कामं तीन. रोजचं ऑफिस आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा बी.सी.तल्या (ब्रिटिश कोलंबिया) गोल्डनला स्कीइंग. दुसरं म्हणजे मंडळाचा ट्रेलर यंदापासून माझ्याकडे आलाय, मखर, पडदे, साउंड, मोठी पातेली सगळं त्यातच असतं, तो संक्रांतीच्या कार्यक्रमाला ऐन जानेवारीत ओढायचाय. आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन वायपरसच्या बाजूला कच्च्या रस्त्याने कॅम्पिंग.

दुकानात म्हणाले मड-टेरेन घ्या, एम प्लस एस लिहिलेलं आहे, बारा महिने चालतील, आणि लोड रेंज ई घ्या म्हणजे ओढायला भक्कम. घेऊ का? पैसे एकदाच घालायचा विचार आहे.

प्रेषक: साउथईस्टहून

माझा अनुभव सांगतो. आठ वर्षं ऑल-सीझनवर काढली, काही अडलं नाही. डीअरफूटवर (कॅल्गरीच्या फ्रीवेवर) बर्फ काढलेलाच असतो, आल्बर्टात विंटर टायरची सक्ती नाही, आणि तुझी गाडी तर फोर बाय फोर आहे. चांगले ऑल-टेरेन (डांबर, खडी दोन्हीला चालणारे) घे आणि निर्धास्त चालव.

प्रेषक: काका, कोक्रेन

> दुकानात म्हणाले मड-टेरेन घ्या, एम प्लस एस लिहिलेलं आहे

नको घेऊस रे. मी घेतले होते म्हणून सांगतो.

2014 चा फेब्रुवारी. मागे ट्रेलर, त्यावर दोन स्नोमोबिल, फील्ड गाव सोडून गोल्डनकडे उतरत होतो. तेव्हा वाटेतल्या किकिंग हॉर्स कॅनियनचा रस्ता अरुंद होता, चौपदरी काम पुरं झालं 2023 मध्ये. आदल्या दिवशी ऊन पडून बर्फ वितळलेलं आणि रात्री परत गोठलेलं, म्हणजे रस्ता नुसता काळा आणि ओला दिसतोय, पण आहे काच. वेग चाळीसच्या आसपास. वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पायाखाली एबीएस खडखडायला लागलं आणि गाडीचा वेग काही कमी होईना. बाजूच्या आरशात बघतो तर ट्रेलरचं चाक दिसतंय, जे कधीच दिसता कामा नये. ट्रेलर मागून ढकलत होता आणि ट्रकची शेपटी आडवी जायला लागली होती. मी पाय काढला, ट्रेलरच्या ब्रेकचा जो हाताचा खटका असतो तो अगदी हलका दाबला, तेव्हा ट्रेलर मागे ओढला गेला आणि गाडी सरळ झाली. पुढचे दोन किलोमीटर बायको एक शब्द बोलली नाही. त्या टायरवरही एम प्लस एस लिहिलेलं होतं.

तर एम प्लस एस म्हणजे मड अँड स्नो, पण त्यासाठी बर्फावर चाचणी कुणी घेत नाही, नक्षीत मोकळी जागा पुरेशी असली की कंपनी तो शिक्का मारते. आपल्याला बघायचं ते तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असलेलं चिन्ह. ते मिळवायला दाबलेल्या बर्फावर ठरावीक टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे, काळ्या बर्फावर थांबण्याची नाही, त्यामुळे डोंगराचा शिक्का असलेले दोन टायर बर्फावर सारखेच असं धरून चालू नको.

मड-टेरेनचे ठोकळे मोठे आणि मध्ये खोल चर, चिखल त्यातून बाहेर फेकला जावा म्हणून. बर्फाला लागतात त्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, शेकडो, ज्यांच्या कडा बर्फाला ओरबाडतात. त्या मड-टेरेनवर फारशा नसतात. आणि रबर. साधारण 7 अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, उणे 25 ला तर नखाने दाबून बघ, लाकूड लागेल हाताला. विंटरचं रबर तेव्हाही लवचीक राहतं. हिवाळी टायर मुळात निघाला तोच ट्रकसाठी, 1934 साली फिनलंडमध्ये, आजच्या नोकियन कंपनीकडून, त्या लोकांना आपल्यासारख्याच रस्त्यांवर माल न्यायचा होता.

> फोर बाय फोर आहे

याबद्दल कळकळीने लिहितो कारण आपल्या यादीवर नवीन मुलं दरवर्षी ट्रक घेतात. फोर बाय फोरने गाडी निघते, चढते. थांबताना प्रत्येक गाडीला चारही चाकांचे ब्रेक असतातच, तिथे त्याचा काही फायदा नाही. उलट सहज निघते म्हणून आपण वेग घेतो, आणि पुढचा लाल दिवा येईपर्यंत रस्ता कसा आहे ते कळत नाही. डीअरफूटवर आठ वर्षं निभावली असतील, पण हा मुलगा गोल्डनला चाललाय. बी.सी.च्या डोंगरातल्या हायवेंवर 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल विंटर टायर सक्तीचे, नक्षी किमान साडेतीन मिलिमीटर. तुझे 3 वाले तिथे कायद्यातही बसत नाहीत. तो कायदा एम प्लस एस पण चालवून घेतो, म्हणून पाटीपुरते टायर घालून जाणारे बरेच दिसतात.

माझं मत, दोन सेट घे. नोव्हेंबर ते एप्रिल निखळ विंटर, ब्लिझॅक, एक्स-आइस, हाकापेलीटा यातला तुझ्या साइजमध्ये मिळेल तो, वेगळ्या स्टीलच्या रिमवर चढवून. उन्हाळ्याला डोंगराचा शिक्का असलेला ऑल-टेरेन, केओ2 किंवा वाइल्डपीक वगैरे, पण शिक्का नेमक्या तुझ्या साइजच्या टायरवर आहे ना ते हाताने चाचपून बघ, एकाच मॉडेलमध्ये साइजप्रमाणे फरक असू शकतो. पैसे एकदम जास्त जातात हे खरं, पण एक सेट चालतो तेव्हा दुसरा गॅरेजमध्ये असतो, दोन्ही जास्त वर्षं टिकतात. एकच सेट घेणं भाग असेल तर तो ऑल-टेरेन घे आणि डोंगरात ट्रेलर नेऊ नको. वायपरसच्या खडी-मातीला ऑल-टेरेन भरपूर झाला, मड-टेरेन लागतो तो मॅक्लीन क्रीकच्या चिखलात मुद्दाम घुसणाऱ्यांना.

आता वजनाचं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाच, माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडतो त्या जागी, येतो आणि तो त्याच आकड्यातून वजा होतो. शिवाय हिचवर दाब पडला की मागचं धूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे बर्फात वळायला जी पकड लागते तीच कमी होते.

लोड रेंज ई ची घाई करू नको. तुझ्या साइजचा साधा टायर 113 लोड इंडेक्सचा म्हणजे 1150 किलोचा असतो, ट्रकवर घातला की 1.1 ने भागायचं, म्हणजे 1045 राहिले. एलटी ई (लाइट ट्रकचा, लोड रेंज ई वाला) 121 चा, 1450 किलो, पण तेवढं वजन तो 80 पीएसआय हवेच्या दाबाला घेतो. स्टिकरवर 35 लिहिलंय म्हणून एलटीमध्ये 35 च भरलीस तर तो साध्या टायरपेक्षा कमी वजन उचलेल. साधारण दहाएक पीएसआय जास्त भरावी लागते, कंपनीच्या तक्त्यात बघून. हे दुकानात क्वचित कोणी सांगतं.

प्रेषक: ताई, ओकोटोक्स

काका, बाकी सगळं मान्य पण एलटीवर माझं थोडं वेगळं मत आहे. मी कामासाठी आठवड्यातून चार दिवस ग्रँड प्रेरीच्या पुढे लीज रोडवर (तेलविहिरींकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर) असते, खडी धारदार, गोठलेल्या चाकोऱ्या त्याहून वाईट. साध्या टायरच्या साइडवॉल (बाजूच्या भिंती) दोनदा फाटल्या, एकदा उणे 31 मध्ये स्टेपनी बदलली, हातमोजा काढला तर पाना हाताला चिकटतो अशी थंडी. साइडवॉल फाटली तर पंक्चर काढता येत नाही, टायर गेलाच. तेव्हापासून विंटरही एलटीच, खिळेवाले. खिळे आल्बर्टात वर्षभर चालतात, बी.सी.त 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल. पण एअरड्रीकरांचा रोजचा रस्ता डांबरी आहे, रिकाम्या ट्रकवर एलटी ई टणाटण उडतो आणि पेट्रोलही जास्त खातो, त्यामुळे त्यांनी विंटर साधे आणि उन्हाळी ऑल-टेरेन एलटी घेतले तर मला पटेल.

थंडीत हवा किती उतरते ते काका बोलले नाहीत म्हणून मी लिहिते. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते. गरम गॅरेजमध्ये अधिक 15 ला भरलेली हवा बाहेर उणे 25 ला सातेक पीएसआयने उतरते आणि ट्रेलर जोडलेला असताना मऊ टायर म्हणजे ट्रक डोलतो. मग चिनूक (डोंगरावरून येणारा गरम वारा) येतो, एका दुपारीत अधिक दहा, आकडे परत चढतात. तेव्हा बघून हवा सोडू नका, थंडी परतणार आहे. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजलेला आकडाच खरा. आणि बर्फ सगळ्यात निसरडं असतं ते शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असतो म्हणून. उणे 25 ला उलट बरीच पकड मिळते. लोकांना वाटतं आज हवा छान आहे, आणि चिनूकच्या दुसऱ्याच सकाळी गाड्या खड्ड्यात दिसतात.

विंटर टायर 4 मिलिमीटरवर आले की बदला, कायद्याच्या साडेतीनपर्यंत ओढू नका.

एक राहिलं, मंडळाच्या ट्रेलरचे टायर कोणी बघितलेत का?

प्रेषक: एअरड्रीकर

काका, ताई, मनापासून आभार. काल संध्याकाळी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. स्टिकरवर 712 किलो आहे. आम्ही चौघं 260, ट्रेलर भरून सतराशेच्या आसपास म्हणजे हिचवर दोनशे धरले, पेटी आणि हत्यारं 80. बसतंय, पण वाटलं होतं तेवढी मोकळीक नाही, स्कीचं सामान आणि ट्रेलर एकत्र कधीच नेणार नाही. विंटर चार साधे 116 वाले स्टीलच्या रिमवर सांगितलेत, ऑल-टेरेन मेमध्ये घेईन.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून ट्रेलरखाली वाकून पाहिलं. नक्षी नव्यासारखी आहे, पण डॉटचे (टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे) शेवटचे चार आकडे 3514, म्हणजे 2014 चा 35 वा आठवडा. साइडवॉलवर सगळीकडे केसासारख्या भेगा, बोटाने दाबलं की उघडतात. इतकी वर्षं आपण यावर गणपतीचं मखर नेत होतो. नवे टायर लावेपर्यंत मी ट्रेलर हलवणार नाही.

प्रेषक: काका, कोक्रेन

बरोबर केलंस. ट्रेलरचा टायर चालून नाही झिजत, उभा राहून, उन्हाथंडीत मरतो. एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलेच घे, ते ट्रेलरसाठीच बनवलेले असतात, ट्रकला ते लावायचे नसतात. आणि वेगाची मर्यादा बघून घे, बऱ्याच एसटी टायरची 105 किलोमीटर असते आणि आपल्या हायवे 2 वर पाटी 110 ची आहे, तू नव्वदनेच ने.

कार्यकारिणीला विनंती, ट्रेलरचे चार टायर आणि स्टेपनी या महिन्यात मंजूर करा, संक्रांत तोंडावर आहे. मंजुरीला वेळ लागणार असेल तर तूर्त मी पैसे भरतो, मागाहून द्या. एअरड्रीकरा, शनिवारी सकाळी दहाला ट्रक घेऊन ये, टॉर्कचा पाना माझ्याकडे आहे, चाकं दोघं मिळून चढवू. नंतर 80 ते 100 किलोमीटर चाललास की नट परत आवळायला लागतात, ते विसरू नको.

प्रेषक: साउथईस्टहून

काका, शनिवारी मी पण येतो. माझ्या टायरची नक्षी मोजून घ्यायची आहे.