अनुभव धागा: उतारवयातला रविवार, विश्रांती आणि प्रार्थना

घरात पंच्याहत्तरीपुढचे आईवडील असले की रविवार नव्याने बेतावा लागतो. गुडघे टेकत नाहीत, उपास झेपत नाही, चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. तरी प्रार्थना हवीच असते, आणि विश्रांतीही. हे काम ज्यांच्या हातचं आहे त्यांनी बारीकसारीक तपशिलासह लिहावं. कॅथलिक, प्रोटेस्टंट सगळ्यांनीच.

वसई, घरोघरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली पातळ भाकर) नेण्याची सेवा

पलंगाशेजारी न डुगडुगणारं टेबल ठेवा. त्यावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी आणि चमचा. खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात लावू नका.

खरी अडचण गिळण्याची असते. तोंड कोरडं असेल तर प्रसाद टाळूला किंवा कवळीला चिकटतो आणि आजी घाबरतात. म्हणून आधी घोटभर पाणी द्यावं. पाण्याने प्रसादाआधीचा उपास मोडत नाही. पाठीशी उशा लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. छोटासा तुकडाही पुरेसा असतो, ख्रिस्त त्यात पूर्णच असतो. लकव्यानंतर पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर पाणी कसं द्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. भाकर गिळताच येत नसेल तर फादरांना तसं कळवा, नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही प्रसाद देता येतो. प्रसादानंतर अर्धा तास आडवं करू नका.

आणि प्रसादाआधीचा एक तासाचा उपास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही लागू नाही. सकाळची गोळी-नाश्ता चुकवून वाट बघत बसलेली माणसं दिसली की जीव तुटतो.

पुणे, रुग्णसेविका

उपासाचंच पुढे. कॅथलिक नियमात राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा उपास १८ ते ५९ वयाच्यांसाठी आहे. मांस वर्ज्य करण्याला वरची वयोमर्यादा नाही, पण आजाऱ्याला त्यातूनही सूट आहे. मधुमेह असलेले आजोबा इन्सुलिन घेतात, जेवण टाळतात आणि बारा ते तीनच्या गुड फ्रायडे उपासनेला बसतात, तेही एप्रिलच्या उन्हात. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला की साखर उतरली समजा. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. उपास करायचाच असेल तर टीव्हीचा करावा, जेवणाचा नको.

अहिल्यानगर, चर्चच्या मंडळीतलं काम

आमच्याकडे प्रभुभोजनाचे (भाकर-द्राक्षारसाच्या विधीचे) पेले छोटे असतात. हात थरथरणाऱ्यांसाठी ते अर्धेच भरावेत, सांडलं की माणूस पुढच्या वेळी येतच नाही. भजनाला पेटीवाल्याने नेहमीच्या पट्टीपेक्षा एक-दोन स्वर खाली धरावं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं जुन्या पिढीला तोंडपाठ असतात. नातवाचं नाव आठवत नाही, पण पहिली ओळ सुरू केली की पुढचं कडवं आपसूक येतं. तिथे गाणाऱ्याने थांबावं, त्यांना म्हणू द्यावं.

कानात यंत्र असेल तर पंख्याखाली आणि स्पीकरच्या तोंडाशी बसवू नका. यंत्रात वाऱ्याची घरघर येते, वचन ऐकूच जात नाही.

विश्रांतीचं मात्र स्पष्ट लिहिते. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, माणसासाठी झाला असं प्रभू म्हणतो, आणि रविवारी मटणाचा रस्सा सत्तरीच्या आईनेच करायचा? वाटण शनिवारी करून फ्रीजमध्ये ठेवा, कांदा चिरून घ्या, भाकऱ्या दुसऱ्या कुणीतरी थापा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. त्यापुढे ताणली की रात्र जागी जाते.

नागपूर

रात्री जाग आली तर अंधारात गुडघे टेकायला उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहावं. प्रार्थना पडल्यापडल्याही होते. बायबलमधली स्तोत्र ४ आणि १३४ पाठ करायला सोपी, दुसरं तर तीनच ओव्यांएवढं आहे. कॅथलिक जपमाळेत ५९ मणी, संधिवाताच्या बोटांना बारीक मणी सापडत नाहीत. मोठ्या लाकडी मण्यांची माळ घ्या, नाहीतर दहा मण्यांची अंगठी. एक दशक (दहा मण्यांचा जप) म्हणून डोळा लागला तर लागू द्या.

वसई (पुन्हा)

एक राहिलं. तेल लावण्याचा संस्कार शेवटच्या घटकेचाच असं समजून फादरांना फार उशिरा बोलावतात. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणाने शक्ती खालावली असेल तेव्हाही तो घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही. शुद्धीत असताना घेतला तर पापनिवेदनही करता येतं. तेल कपाळाला आणि तळहातांना लावतात. पुष्कळ ठिकाणी ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनी, हा संस्कार सामुदायिक असतो. धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या) कचेरीत नाव आधी द्या, चाकाची खुर्ची लागणार असेल तर तेही सांगा.