'पेरू' हे नाव देशावरून पडलं की नाशपतीवरून?

ऋतुगंध: पेरू देशातून आला म्हणून पेरू, असं सर्रास सांगितलं जातं. मला पटत नाही. पोर्तुगीज भाषेत नाशपतीला 'पेरा' म्हणतात. फळ नवीन, आकार ओळखीचा, नाव चिकटलं. हिंदीतला 'अमरूद' बघा, फारसीत त्याचा अर्थ नाशपतीच. दोन वेगळ्या वाटांनी आलेली नावं एकाच फळापाशी पोचतात, याला योगायोग कसं म्हणायचं?

तर्कट: साफ असहमत. पोर्तुगीज लोक या फळाला 'गोयाबा' म्हणतात. हक्काचं नाव असताना नाशपती कशाला म्हणतील? टर्की पक्ष्याला मात्र ते 'पेरू' म्हणतात आणि तेही देशावरूनच, पक्षी मेक्सिकोकडचा असूनही! अमेरिकेतून आलेल्या गोष्टीला ते नाव देणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. शिवाय त्या देशाच्या किनारपट्टीवर उत्खननात या फळाचे प्राचीन अवशेषही मिळालेत.

ऋतुगंध: फळ तिथलं आहे हे मान्य, पण त्यावरून नाव तिथलं ठरत नाही. गोव्याच्या कोकणीत फळ 'पेर' आणि त्याची वडी 'पेराद'. पोर्तुगीजमध्ये 'पेराडा' म्हणजे नाशपती आटवून केलेला गोड पदार्थ. बंगालीत 'पेयारा'. या सगळ्यांत 'ऊ' कुठेच नाही. देशाचं नाव मुळाशी असतं, तर तो सगळीकडून गळाला कसा?

तर्कट: मग मराठीत तो आला कुठून, तेही सांगा. 'पेरा'चं 'पेरू' आपोआप होत नाही.

शब्दवेल्हाळ: पोर्तुगीजमध्ये 'पेरो' असाही शब्द आहे, सफरचंदाच्या एका जातीचं नाव, 'पेरा'शीच नातं असलेलं. शेवटचा 'ओ' ते 'उ'सारखा म्हणतात, म्हणजे कानावर 'पेरु'च पडतं. त्यांच्या 'ताबाको'चा आपल्याकडे 'तंबाखू' झालाच ना? उलट देशाचं नाव घेताना ते 'रू'वर जोर देतात.

तर्कट: उच्चाराचा मुद्दा वजनदार आहे. पण 'पेरो' सफरचंद असेल, तर ऋतुगंध यांचा नाशपतीच्या आकाराचा आधार लंगडा पडतो.

माळरान: दोघंही समुद्राकडेच बघताय. विदर्भात याला जांब म्हणतात. गुजरातीत जामफळ. संस्कृत 'जंबू'च्या कुळातलं नाव, पाहुण्या फळाला घरात घेऊन दिलेलं. प्रमाण मराठीने ते बाजूला सारलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऋतुगंध: जांब टिकायलाच हवा. पण एक बघा, आपल्याकडच्यांनीही नवीन फळाला ओळखीच्याच फळाचं नाव दिलं. पोर्तुगिजांनी तेच केलं, असं मी पहिल्यापासून म्हणतोय.