दर्यापूर रोडवरचा मोठा बंगला विक्रीला निघाला, लोकं हसून राहिले, तुम्हाला काय वाटते?

गवंड्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. दर्यापूरहून अंजनगावकडं जाताना तो पांढरा बंगला लागतो ना, समोर चार मोठे खांब, मधात निळी काच अन् वर घुमट, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एसटीच्या खिडकीतून पाह्यला असेल. तो आता विकायला काढला आहे. एजंटानं बनवलेला व्हिडिओ आठ दिवसांपासून आमच्या इकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला. चौदा खोल्या, लिफ्ट, पिक्चर पाह्याची वेगळी खोली, मागं पोहण्याचा हौद, अन् किंमत साडेतीन कोटी.

त्याच्याखाली लोकं जे लिहून राहिले ते वाचून मला लय वाईट वाटलं म्हणून इथं विचारतो. कोणी म्हणते वावरात ताजमहाल बांधला, कोणी संडास मोजून राहिलं, कोणी म्हणते पैसा जिरवायला दुसरी जागा नव्हती काय. मालक दोन वर्षांआधी वारले, काकू मुलाजवळ पुण्याला असतात. गेलेल्या माणसाबद्दल असं कायले लिहायचं? कापसाच्या व्यापारात त्यांनी कमावलं, कोणाचं बुडवलं असं मी तरी कधी ऐकलं नाही, अन् मजुराचा पैसा कधी बाजाराच्या दिवसापुढं गेला नाही हे मला पक्कं माहीत आहे, कारण माझे बाबा तिथं मिस्त्री होते. २०१४ च्या दिवाळीनंतर पाया खोदला अन् २०१७ च्या उन्हाळ्यात वास्तुपूजन झालं, तेवढी वर्षं आमचं घर त्याच कामावर चाललं, माझं आयटीआय त्याच पैशात झालं.

माझ्या पोरीनं आबाजीला, म्हणजे माझ्या बाबांना, तो व्हिडिओ दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त जिना आला तसं म्हणले थांबव. तो जिना गोल नाही, अंडाकृती आहे, त्यामुळं सगळ्या पायऱ्या एका मापाच्या येत नाहीत. बाबांनी तेव्हा हॉलच्या जमिनीवर चुन्यानं अख्खा जिना आखला होता अन् एकेका पायरीचा प्लायचा फर्मा कापून त्याच्यावर खडूनं नंबर टाकले होते. मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते नंबर वाचायचो. १ ते २६.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे हसणं तुम्हाला बरोबर वाटते का. अन् दुसरं, आपल्या भागात असं घर घेणार कोण, अन् कोणी नाही घेतलं तर त्याचं होते काय?

वावरवाला_अंजनगाव

भाऊ, तुमच्या बाबाईच्या हाताले कोनी हसत नाही, ते पह्यले मनातून काढून टाका. पन मी बी त्या व्हिडिओखाली लिहेल हाये अन् काऊन लिहेल हाये ते सांगतो.

माह्या घरकुलाचं काम स्लॅबवर अडकून पडलं. मले १ लाख २० हजार मंजूर झाले, तेवढ्यात घर बांधाचं म्हन्ते सरकार, आता तुमीच मिस्त्रीचे पोरगे आहा, तुमाले सांगाची गरज नाही का वाळू केवढ्याची अन् सळाख केवढ्याची होते. मायबाप दोन पावसाळे झाले ताडपत्रीखाली झोपून राह्यले. त्याच्यात यंदा आंबिया बहाराची संत्रा झाडाखाली गळून पडली, व्यापारी आला, पाहून निंगून गेला. अशा टायमाले रात्री मोबाईल उघडला अन् समोर दिसलं का एका घरात नऊ संडास हायेत अन् एकबी माणूस राहत नाही, तं माणसाच्या तोंडून निंगते भाऊ. ते हसनं नसते, जीव जळते. मेलेल्या माणसाले नाव ठेवाचं नव्हतं हे मात्र तुमचं बरोबर हाये, मी माहं लिहिलेलं काढून टाकलं आत्ताच.

तरी माहं म्हननं हेच हाये का एवढा पैसा जर वावरात, पान्यात टाकला असता, एखादं शेततळं, एखादं गोदाम, तं दहा घरं जगली असती.

सिव्हिल_अकोला

हसण्या-बिसण्याचं बाजूला ठेवतो, मी या पट्ट्यात पंधरा वर्षांपासून साईट करतो त्यामुळं दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. हे घर विकलं जाणं अवघड आहे अन् त्याचं कारण त्याचा थाट नाही, त्याच्याखालची माती अन् पाणी आहे.

व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. मागच्या बाजूच्या बेडरूममध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली आहे, पुट्टी मारून रंग दिला आहे पण सावलीत दिसते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते अन् मे महिन्यात आकसते, वावरात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत, तीच माती घराखाली पण तेच करते. वजन सगळीकडं सारखं नसते, ओल सगळीकडं सारखी नसते, मग घराचा एक कोपरा वर उचलते अन् भिंत तिरपी फाटते. याच्यावर उपाय जुना आहे, काळी माती काढून मुरूम भरा, नाहीतर अंडर-रिम्ड पाईल करा, म्हणजे खाली फुगीर बूड असलेले खांब, रुरकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं, खास अशाच मातीसाठी ते काम केलेलं आहे, साधारण ३.५ मीटर खाली गेलं की उन्हाळ्या-पावसाळ्याची ओल फारशी बदलत नाही तिथं बूड टेकवायचं. खर्च होतो, पण तो खर्च कोणाला दिसत नाही. समोरचे खांब अन् घुमट सगळ्यांना दिसतात.

दुसरं म्हणजे हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत बोअर मारला की खारं पाणी. त्या पाण्यानं काँक्रीट कालवलं, क्युरिंग केलं, म्हणजे नवं काँक्रीट त्याच पाण्यानं ओलं ठेवलं, की आतली सळाख गंजते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आरसीसीसाठी, म्हणजे सळाख असलेल्या काँक्रीटसाठी, पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको असं स्पष्ट लिहिलं आहे, आपल्याकडं किती जण पाणी तपासतात? लॉन तर त्या पाण्यावर जगतच नाही. अन् पश्चिमेकडं तोंड करून एवढी काच, ४५-४६ डिग्रीत तो हॉल एसी बंद असताना भट्टीच असणार.

गवंड्याचा_पोरगा, एक विचारा बाबांना. घराच्या पाया भरताना खाली काय केलं होतं? आणि पोहण्याचा हौद त्या भेगेच्या बाजूलाच आहे काय?

गवंड्याचा_पोरगा

विचारलं. बाबा म्हणतात मुरूम भरला होता पण सगळीकडं नाही, पुढच्या भागाखाली पुरा भरला, मागं हात आखडता घेतला कारण तोपर्यंत एलिव्हेशनचा, म्हणजे समोरच्या दर्शनी भागाचा, खर्च दुप्पट झाला होता. पाईलचं त्यांनी स्वतः मालकांना म्हटलं होतं, पण नकाशा करणारे शहरातले होते, त्यांच्यापुढं मिस्त्रीचं कोण ऐकते. पाणी मात्र मालकांनी टँकरनं गोडं आणलं, क्युरिंगलासुद्धा. हे ते दोनदा म्हणले.

हो, हौद त्याच बाजूला आहे.

माहेर_धामणगाव

ताई म्हणा मला, मी अमरावतीला शिक्षिका आहे. मला हे सगळं वाचून माहेर आठवलं म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

आमचं धामणगाव रेल्वे तालुक्यात. समृद्धी महामार्गात आमच्याकडच्या कितीतरी जणांच्या जमिनी गेल्या, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्यात आमचंही वावर गेलं. मोबदला चांगला मिळाला, भावानं घर बांधलं. आजूबाजूच्या गावांत एकदम कितीतरी अशी घरं उभी राहिली, काचेची, स्टीलच्या रेलिंगची. मी कोणाला दोष देत नाही हो. चार पिढ्या धाब्याच्या घरात काढल्या, दर पावसाच्या आधी वर माती चढवायची, गळलं की रात्री भांडी मांडायची, अशा माणसाच्या हातात आयुष्यात एकदा पैसा आला तर तो पहिले डोक्यावरचं छतच करणार. ते ज्यांनी कधी गळकं घर पाहिलं नाही त्यांना नाही समजायचं.

पण मी दिवाळीत जाते तेव्हा काय पाहते तर खालचा मोठा हॉल बंद, सोफ्यावर जुन्या चादरी, वरच्या तीन खोल्यांना कुलूप, अन् माझी आई मागच्या छपरीत बाजेवर. चूलही तिथंच मांडली आहे तिनं. वहिनीला झाडायला-पुसायलाच सकाळचे दोन तास लागतात, मार्बलवर काळ्या मातीचा एक पाय पडला की तो दिसतो, म्हणून शेतातून आलेल्या माणसाला ती मागूनच यायला लावते, माझ्या भावालासुद्धा. आपल्याच घरात तो मागच्या दारानं येतो.

आता कोणी म्हणेल जुने वाडे पण मोठेच होते. होते ना. माझ्या आजोळचा वाडा आठ खणांचा होता, पण त्यात बावीस माणसं होती, गोठा होता, भिंतीत बळद होतं ज्वारी साठवायला, अन् एक अख्खी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असायची, आम्ही लेकरं त्यावर उड्या मारायचो अन् मार खायचो. ते घर कामासाठी मोठं होतं. या व्हिडिओत त्या माणसानं जिन्याखालचं शू-रॅक सुद्धा दाखवलं, पण मला तर तुरीची चार पोती ठेवायला एक कोपरा दिसला नाही. कापसाच्या व्यापाऱ्याचं घर अन् कापूस ठेवायला जागा नाही. मालकांनी हौसेनं बांधलं असेल, नक्कीच हौसेनं, पण नकाशा काढणाऱ्यानं त्यांना एकदा तरी विचारायला पाहिजे होतं की तुम्ही दिवसभर बसता कुठं.

सातबारा_काका

कोणी घ्यायच्या विचारात असेल तर किमतीच्या आधी कागद पहा. जागा एनए म्हणजे बिगरशेती आहे का, की सातबारावर अजून शेतीच आहे? शेती असेल तर शेतकरी नसलेल्याला घेता येणार नाही, विदर्भाला यासाठी वेगळा १९५८ चा कुळकायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बांधकाम परवानगी कोणाची अन् किती मजल्यांची, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद किती फुटांची. मालक वारले म्हणता, मग वारसांची फेरफार नोंद झाली का अन् सगळ्या वारसांची सही आहे का, मुलींची पण. घराच्या नादात हे राहून जाते अन् नंतर दहा वर्षं कोर्टात. राहत्या घराची खरेदी बाईच्या नावानं केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, नोंदणी फी वेगळी.

घेणार कोण, तर राहायला कोणी नाही. दवाखाना, मंगल कार्यालय नाहीतर होस्टेल, हेच तीन गिऱ्हाईक. साडेतीन कोटी विसरा, जमिनीचा भाव अन् वर थोडंफार.

वावरवाला_अंजनगाव

ताई, तुमी त्या मागच्या दाराचं लिहिलं ते वाचून माह्या बायकोले वाचून दाखवलं. ते म्हने आपल्या स्लॅबचं झालं का पह्यले पुढची छपरी मोठी काढू, फरशी नाही टाकली तरी चालते.

गवंड्याचा_पोरगा

मंडळी, रविवारी बाबांना घेऊन जाऊन आलो. चौकीदार ओळखीचा आहे, काकूंना फोन करून विचारलं तर त्या म्हणल्या जाऊ दे मिस्त्रीभाऊंना, त्यांना कुलूप नको.

लॉन कधीचंच वाळलं, मालकांनी कुंपणाला लावलेले कडुनिंब मात्र मस्त वाढले आहेत, त्यांना खारं पाणी चाललं. हॉलमध्ये कबुतरं. बाबांनी घरून निघताना खिशात काहीतरी टाकलं होतं ते मला वाटलं तंबाखूची डबी असेल, तर तो ओळंबा होता, भिंत सरळ आहे का ते पाह्याचं दोरीचं वजन, कापडात गुंडाळलेला. पहिले मागच्या खोलीत गेले अन् भिंतीला लावला. वरून भिंत दोन बोटं बाहेर गेली आहे. मग बाहेर येऊन हौदापाशी उकिडवे बसले, हौदात गुडघाभर पावसाचं हिरवं पाणी साचलेलं, अन् भिंतीकडच्या कडेनं जमीन उकरली तर वीतभर खाली माती ओलीचिक्क, मार्च महिन्यात. दुसऱ्या बाजूला हीच माती दगडासारखी. सिव्हिलभाऊ, तुम्ही विचारलं होतं तेच निघालं. हौद झिरपतो अन् घराचा तेवढाच कोपरा पाणी पितो.

जिन्याला एकही तडा नाही. ते खालून वरपर्यंत एकेका पायरीवर थांबत गेले, वरच्या कठड्यावरून ओळंबा सोडला, खाली उतरून पाहिला, परत वर गेले. मी म्हटलं बाबा काय झालं, तर म्हणले काही नाही, आहे तिथंच आहे.

संध्याकाळी काकूंना फोनवर सगळं सांगितलं. अकोटकडचे एक डॉक्टर येऊन पाहून गेले म्हणे, प्रसूतीचा दवाखाना करायचा विचार आहे, पण त्या भेगेपाशी अडले. काकू म्हणल्या भाव कमी होऊ दे, पण मिस्त्रीभाऊंनी पाहून दिल्याशिवाय मी कोणाला देणार नाही. डॉक्टरांना समोरचे खांब नकोत, पुढं पेशंटसोबत आलेल्या लोकांना बसायला मोठी छपरी पाहिजे. बाबा म्हणले खांब पाडायची गरज नाही, त्याच्यावरच पत्रा टेकवता येते.

उद्या मोटर नेऊन हौद उपसतो. सिव्हिलभाऊ, दोन गोष्टी सांगा, हौद मुरमानं भरून टाकला तर चालेल का, अन् घराच्या भोवती पाणी मुरू नये म्हणून काँक्रीटची पट्टी करायची तर ती किती रुंद धरावी? बाबा चार फूट म्हणतात.