कंपनीच्या पार्किंगमध्ये टेम्पोची धडक, ठेकेदार म्हणतो "हजेरीचं पंच झालं नव्हतं"

मिरजेची ताई: माझा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर आहे. सोमवारी पहिल्या पाळीला गेला, गेटच्या आत दुचाकी लावून चालत निघाला होता. कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) भरलेला टेम्पो वजनकाट्याकडून रिव्हर्स आला. हॉर्न बंद, मागं सांगायला माणूस नाही. डावी नडगी मोडली, रॉड टाकलाय. ठेकेदार म्हणतो, हजेरीचं पंच व्हायच्या आधीचं आहे, दवाखान्यात 'घरी पडला' सांगा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात. काय करावं?

जुना फोरमन, सांगली: ताई, खरं तेच सांगा. केसपेपरवर 'घरी पडला' लिहिलं की ईएसआयवाले ते आजारपण धरतात. त्यात सरासरी मजुरीच्या 70 टक्के मिळतात, तेही ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. कामावरच्या अपघाताला 90 टक्के, आणि किती दिवस वर्गणी भरली ते बघत नाहीत. ठेकेदाराला 'घरी' का हवंय ते कळलं ना?

पंचचा मुद्दा टिकत नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर घरातून कामावर जाताना वाटेत झालेला अपघातही ईएसआयमध्ये धरतात, कामाशी संबंध जुळला की झालं. हा तर गेटच्या आत झालाय. अपघाताचा अहवाल मालकानं पाठवायचा असतो. पाठवला का ते लेखी विचारा.

फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) यार्डात माझा जन्म गेला, म्हणून हे वाचून जीव तुटतो. पाळी बदलताना रात्रीची पोरं बाहेर, सकाळची आत, आणि टेम्पोवाल्यांना नेमकी तेव्हाच काट्यावर जायची घाई. भरलेल्या हौद्यामागं बुटाची लेस बांधायला वाकलेला माणूस ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही. आमच्याकडे पाळी बदलताना अर्धा तास सगळ्या गाड्या जागेवर उभ्या ठेवायचो. माल कधी अडला नाही. पायी जाणाऱ्यांना रेलिंग लावलेली वेगळी वाट द्यायला किती खर्च येतो हो?

विट्याचा वकील: फोरमनकाकांचं बरोबर आहे. पोलिसांत फिर्याद द्या, टेम्पोचा नंबर आणि विम्याची माहिती घ्या. टेम्पो बाहेरच्या ट्रान्सपोर्टचा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा बसतो का ते कागद दाखवून विचारून घ्या. कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे. आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा म्हणून कंपनीला उद्याच अर्ज द्या, पोच घ्या.