गायरानाला तार कंपाउंड पडलं, दाद कुठे मागायची?

पांझराकाठ:
धुळे जिल्ह्यातलं आमचं गाव, पांझरेपासून तीनेक किलोमीटर. उत्तरेला गायरान आहे, सातबाऱ्यावर सरकार आणि गुरचरण अशी नोंद. माझ्याकडे दोन म्हशी, एक गावरान गाय आणि बैलजोडी. कापूस उभा असेपर्यंत कोणाच्या शेतात ढोरं सोडता येत नाहीत, तेव्हा गावाला आधार तेवढाच.

मागच्या महिन्यात लगतच्या शेतमालकाने जेसीबी लावून बाभळी काढल्या, सिमेंटचे पोल पुरले, तार ओढली. दोन एकर तरी गेलं. परवा शेडच्या कॉलमचे खड्डेही खोदले. ढोरं नदीवर ज्या गाडवाटेने जायची ती वाटही तारेच्या आत गेली. ग्रामपंचायतीत तोंडी सांगितलं तर "गावातलाच माणूस आहे, सांभाळून घ्या" म्हणाले. आमचा गुराखी साठीच्या पुढचा. तारेजवळ उभा राहून म्हणाला, "आप्पा, आते ढोरे कोठे चारू?" मला उत्तर देता आलं नाही.

अर्ज कोणाकडे करू? एकट्याने केला तर चालतो का? आणि शेड उभं राहण्याआधी काम थांबेल का?

जुना सर्कल:
आप्पा, तोंडी सांगणं आजपासून बंद करा. महसूल खात्यात माझी पूर्ण नोकरी गेली, कागदाशिवाय तिथे काही हलत नाही.

आधी तलाठ्याकडे गाव नमुना १-ई पाहा. ती अतिक्रमणांची नोंदवही. तुमचं प्रकरण त्यात नसेल तर पंचनामा करून नोंद घ्या असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग तहसीलदारांकडे अर्ज, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ५० आणि ५३ खाली. ५० अतिक्रमण काढण्याचं, ५३ अनधिकृत कब्जेदाराला बाहेर काढण्याचं. अधिकार मूळ जिल्हाधिकाऱ्यांचे, अर्ज एकट्याचाही चालतो. गट नंबर, चतुःसीमा आणि फोटो जोडाच.

ग्रामपंचायतीने हात वर केले म्हणून खचू नका. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५३ तिला अतिक्रमण काढायचा अधिकार देतं, जागा सरकारची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पंचायत काहीच करत नसेल तर तुमच्या अर्जावरून जिल्हाधिकारी स्वतः कारवाई करू शकतात. "आमच्या हातात नाही" हे उत्तर मी शंभर वेळा ऐकलंय, ते खरं नसतं.

हद्दीवरून वाद निघणार हे धरून चाला. त्यासाठी भूमी अभिलेखकडून मोजणी झाली पाहिजे, तशी मागणी अर्जातच करा.

वकीलताई, जळगाव:
दादा, गाडवाटेचा अर्ज वेगळा करा आणि लवकर करा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडवलेली वाट मोकळी करून मिळते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. ही मुदत चुकलेले फार लोक माझ्याकडे येतात, फार वाईट वाटतं.

काम तातडीने थांबवायचं तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. सार्वजनिक हक्काचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोघा किंवा अधिक जणांना न्यायालयाच्या परवानगीने करता येतो, स्वतःचं खास नुकसान दाखवावं लागत नाही. म्हणून एक तरी जोडीदार शोधा. सरकारला पक्षकार केलं की कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आडवी येते, निकड असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ती टाळता येते.

२८ जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल अर्जात लिहा. पंजाबातल्या गावतळ्याचं प्रकरण होतं. भराव टाकून घरं बांधलेली होती, तरी ती हटवायला सांगितली आणि सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला लावल्या. बांधकामावर केलेला खर्च किंवा जुना कब्जा ही सबब चालणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

बोरीकाठ:
आप्पा, एक विचारतो, राग नको. त्याच गायरानावर भूमिहीनांच्या झोपड्या आहेत का? आमच्याकडे अर्ज 'सर्व अतिक्रमणे काढा' असा गेला आणि पहिली नोटीस झोपडीला आली, तारवाला राहिला बाजूला. ती म्हातारी बाई आजही माझ्याशी बोलत नाही.

वकीलताई, जळगाव:
हे महत्त्वाचं आहे. जगपाल सिंग निकालातही सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन पट्ट्याने दिली असेल, किंवा जिथे आधीच शाळा-दवाखाना आहे, अशा ठिकाणी अपवाद ठेवलाय. अर्जात नेमका गट आणि नेमकं कंपाउंड लिहा.

आणि तो तारवाला किंवा त्याच्या घरचं कोणी पंचायत सदस्य आहे का? सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ (१) (ज-३).

पांझराकाठ:
सदस्य त्याचा चुलतभाऊ आहे, तो स्वतः नाही. झोपड्या चार आहेत, वाटेच्या पलीकडे. त्यांना धक्का लागेल असा एकही शब्द अर्जात घालणार नाही, तसं त्या घरांना आज जाऊन सांगितलंही.

तहसीलला अर्ज दिला, पोच मिळाली. सोबत अकरा सह्या आणि गुराख्याचा अंगठा. वाटेचा दावा सोमवारी टाकतोय, सर्कलसाहेब, मसुदा इथे टाकला तर एकदा नजर घालाल का?

जुना सर्कल:
टाका. आज रात्रीच बघतो. वाट शेवटची कोणत्या तारखेला चालू होती ते मात्र गुराख्याला विचारून लिहा.